रेवा घोडीचं वाळूच्या कणाएवढं अंडं

मित्रांनो, मी रेवा. देवासजवळ तात्यांच्या तबेल्यात राहणारी एक म्हातारी घोडी आहे. म्हातारी म्हणा, चालेल. मरतुकडी म्हणालात तर लाथ बसेल!

ऐन उमेदीत माझी चाल बघायला पार सतवासहून माणसं यायची. रेवासारखी शिंगरं पुष्कळ हवीत, असं तात्यांच्या मनात आलं. तेव्हा जनावरांच्या डॉक्टर कल्पनाताई म्हणाल्या, "तिची अंडी काढू आणि दुसऱ्या घोडीच्या पोटात शिंगरू वाढवू."

"अगं बाई, घोडी अंडी देते?" तात्यांच्या घरच्या कुसुमावतीबाईंनी विचारलं.

हसू नका. अंडी आमच्याही पोटात असतात, पण वाळूच्या कणाएवढी. मला गुंगी देऊन कल्पनाताईंनी लांब सुईने ती अलगद काढली. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून एक दाखवलं, तर एरवी तबेला डोक्यावर घेणारे तात्या कुजबुजले, "बाप रे! एवढ्याशा ठिपक्यात आख्खी घोडी?" मलाही नवल वाटलं. माझ्याच पोटातलं, आणि मलाच ठाऊक नव्हतं.

पुढे प्रयोगशाळेत त्या अंड्याचा घोड्याच्या बीजाशी संयोग करून गर्भ तयार केला, आणि गंधवानी गावच्या भुरी घोडीने माझं शिंगरू पोटात वाढवलं. कपाळावर माझाच पांढरा टिळा! मी हुंगायला गेले, तर ते तिच्या पोटाखाली पळालं. बरोबरच होतं. त्याची आई तीच. पण त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, एक तरी लेकरू माझ्या पोटात वाढावं.

तात्यांना मात्र ते अशक्य वाटत होतं. "लोणच्याची बरणी आहे ती. उपसली की संपली. वरातीला देऊन टाकू." बँडवाल्याशी बोलणंही झालं.

कल्पनाताई चिडल्या. "बरणी नाही हो तात्या! सुईची जखम भरते, अंडी पुन्हा पिकतात. मी लिहून देत नाही, पण तिला विसावा द्या. एक हंगाम थांबा."

तात्या थांबले. मला घोडा दाखवला. तपासणीच्या दिवशी बँडवाला दोर घेऊनच आला होता. कल्पनाताईंच्या यंत्राच्या पडद्यावर आधी नुसता काळोख दिसला. मग त्यात एक इवलासा ठिपका धडधडताना दिसला.

"देवा रे!" तात्यांनी टोपी काढून हात जोडले. कुसुमावतीबाई तर रडायलाच लागल्या. डोळे पुसत तात्या बँडवाल्याकडे वळले आणि माळवी हिंदीत त्याला नाही म्हणाले. "नी भिया, अब घोडी नी देंगे. ये दो जीव से है."

मित्रांनो, ज्या विद्येने हे घडवलं तिला माझा नमस्कार. पण सुई टोचल्यावर आमच्या पोटाला विसावा द्या. आणि घाईने आम्हाला वांझ ठरवू नका. आज हे सांगताना माझी लेक माझं दूध पिते आहे. टिळा नाही तिला, चालही अजून वेडीवाकडी आहे. पण मी खिंकाळले की ती माझ्याकडे धावते.