पोटभर पाणी

"सुई राहू द्या ताई. आज नुसतं बोलायला आलोय," असं म्हणत पेंटरकाकांनी पुढे केलेला हात परत शर्टाच्या बाहीत घेतला.

ताई थबकली. ती डायलिसिस विभागातली तंत्रज्ञ. आठवड्यातून तीनदा, अशी सहा वर्षं ती काकांचं रक्त मशीनमधून शुद्ध करून त्यांना परत देत होती. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात काकांचा जन्म गेला. मूत्रपिंडं निकामी झाली, पण जीभ शाबूत होती. दिवसाला जेमतेम तीन पेले पाण्याची परवानगी. वजन वाढलेलं दिसलं की म्हणायचे, "काट्यातच पाणी शिरलंय!"

पण अलीकडे हृदय थकलं होतं. मशीनवर रक्तदाब कोसळायचा, पायांत गोळे यायचे, दुसरा अख्खा दिवस अंथरुणात जायचा.

डॉक्टर आले. काकांनी सरळ सांगितलं, "आता थांबवू या."

"अहो बाबा, ही आत्महत्याच झाली की!" शेजारी उभा असलेला मुलगा ओरडलाच.

"तसं नाही," डॉक्टर म्हणाले. "उपचार नाकारायचा त्यांना हक्क आहे. दम लागू नये, दुखू नये म्हणून औषधं देऊ. घरी नर्स येईल. आणि विचार बदलला, तर कधीही परत या."

मुलानं ताईला बाहेर गाठलं. "तुमचं ऐकतात ते. समजवा ना जरा."

ताई आत जाऊन काकांजवळ बसली. "खरं सांगा काका. घाबरलात? की पोराला त्रास नको म्हणून?"

"त्रासाचं म्हणाल तर सहा वर्षं दिलाच की त्याला!" काका हसले. "तुमच्यामुळे नात पाहिली, तिचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली. फुकटचं आयुष्य मिळालं, ताई. पण आता इथं यायचं म्हणून जगतोय. उरलेत ते दिवस घरी काढू द्या."

बाहेर येऊन ती मुलाला म्हणाली, "मी नाही समजावणार. त्यांनी नीट विचार केलाय."

"तुमचे वडील असते तर?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. "होते ना. शेवटी नळ्या ओढतात म्हणून त्यांचे हात बांधले होते. सगळ्या कागदांवर सह्या माझ्या. त्यांना काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा."

मुलगा आत वडिलांकडे गेला.

डायलिसिस थांबवल्याच्या सहाव्या दिवशी सुट्टी होती, म्हणून ताई त्यांच्या घरी गेली. काका खिडकीजवळ उशांना टेकून बसले होते. पाय सुजले होते, चेहरा मात्र निवांत होता. मुलगा त्यांच्या ओठांना पेला लावत होता.

"बघा, चोरून नाही हं!" काका म्हणाले. "डॉक्टरांनी सूट दिलीय. काय गोड लागतं हो पाणी!" मग तिचा हात धरून म्हणाले, "खूप केलंत. देवाला सांगेन तुमचं नाव. पण ते आहे तरी काय? मी तर ताईच म्हणतो!"

ताईला हसू आलं आणि डोळे भरले.

नवव्या दिवशी दुपारी, नात पायाशी चित्रं काढत असताना, काका झोपेतच गेले.

पुढच्या आठवड्यात मुलगा विभागाच्या दाराशी उभा दिसला.

"आज बाबांचा डायलिसिसचा वार ना," तो ओशाळून म्हणाला. "पाय आपोआप इकडे वळले. आणि... त्या दिवशी तुमच्यावर चिडलो होतो. बरं झालं तुम्ही माझं ऐकलं नाहीत. बाबांशी मनासारखं बोलून झालं."

"बसा थोडा वेळ," ताई म्हणाली आणि आत गेली.

तो बाकावर बसला. शेजारी एक बाई मांडीवर फाइल घट्ट धरून बसली होती. तिच्या नवऱ्याला नुकतंच आत नेलं होतं. दारावर नजर खिळलेली.

"पहिलीच वेळ का?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं मान डोलावली.

"पुढच्या वेळी जाडसं पांघरूण आणा," तो म्हणाला. "आत थंडी वाजते त्यांना."