खुंटीवरचा कोट

घोड्यांच्या तापाची साथ आली तेव्हा तबेल्यात घोडे सांभाळणाऱ्या बाबांना घरी यायला कोणी बंदी केली नव्हती. हा ताप माणसाला होत नाही. माणूस तो फक्त कपड्यांवरून, बुटांवरून एका तबेल्यातून दुसऱ्यात नेतो. कपडे बदलून, आंघोळ करून त्यांना रोज घरी जेवायला येता आलं असतं. ते आले नाहीत. आजारी घोड्यांच्या शेडमध्येच खाट टाकून राहिले आणि एका सकाळी तिथेच हृदय बंद पडून गेले.

शेवटी त्यांच्याजवळ बाईसाहेब होती.

बाईसाहेब म्हणजे त्यांची लाडकी तपकिरी घोडी. आई होती तेव्हा म्हणायची, “माझी सवत चार पायांची. भांडू तरी कशी?” आणि हसायची. मला तसं हसणं कधी जमलं नाही. माझ्या वाढदिवसाची बाबांना आठवण करून द्यावी लागे. हिच्या कुठल्या पायाचा नाल कधी बदलला, ते झोपेतही सांगत.

मी त्यांचा कोट न्यायला आले होते. घरातले त्यांचे सगळे कपडे नातेवाइकांनी धुऊन, घड्या घालून वाटून टाकले होते. न धुतलेलं एवढं एकच उरलं होतं.

तबेल्याची मदतनीस फाटकाशी आली. बाबांच्या हाताखाली शिकलेली, माझ्याच वयाची. बाबांना ती काका म्हणायची.

“कोट देते ताई, पण जंतुनाशकात बुडवल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही. काकांचाच नियम.”

“मग त्यात बाबांचं काय राहणार?”

“औषधाचा वास राहील,” ती खरं तेच म्हणाली. मग चाचरत, “आणि अजून एक. बाईसाहेबचा ताप उतरलाय, पण कोट समोर असला तरच ती चंदीला तोंड लावते. काल धुवायला काढला, तर दिवसभर घमेल्याकडे पाठ करून उभी.”

“नखरे!”

“नखरे असते तर बरं होतं. आधीच तापाने खंगलीय. अशीच उपाशी राहिली तर हातची जाईल.”

मी मान फिरवली. तिला वाटलं, माझं सांत्वन करावं.

“काका धडधाकट घोडे आधी उरकायचे, आजारी शेवटी. लागण पसरू नये म्हणून. पण म्हणायचे, शेवटी गेलं की उठायची घाई नसते. तुम्हालासुद्धा फोन सगळी कामं झाल्यावरच करायचे ना?”

करायचे. इतकी वर्षं मी त्यावरून रुसत आले होते. क्षणभर छातीवरचं ओझं उतरलं. मग मी विचारलं, “आणि माझा फोन झाला की?”

तिने जीभ चावली. “मग... बाईसाहेबकडे.”

“मला आत यायचंय,” मी म्हणाले.

“मग आज दुसऱ्या कुठल्या घोड्याजवळ जायचं नाही हं.”

“मला कुठे दुसरे घोडे आहेत, बाई!”

तिने दिलेले गमबूट चढवून मी आत गेले. खुंटीवरचा कोट काढताच घोडीने मान वर केली, कान टवकारले. कोट मी अंगात घातला. बाह्या बोटांच्या पुढे आल्या. मी एक बाही नाकाशी धरली. गवत, घाम, घोड्याची लाळ. पुन्हा हुंगली. बाबा सापडेनात.

घोडीने अर्ध्या दारावरून मान बाहेर काढली, कॉलरमध्ये नाक खुपसलं आणि हळूच फुरफुरली. तिला ते लगेच सापडले.

तशीच, माझ्या गळ्याशी श्वास सोडत, ती थांबली. मग वळली आणि चंदी खाऊ लागली. तिच्या दाढांचा तो सावकाश आवाज ऐकत मी उभी राहिले. मला तिचा राग आला होता, आणि तिने खाणं थांबवू नये असंही वाटत होतं.

कोट मी परत खुंटीवर लावला, तिचं नाक पोचेल असा. एक बाही मात्र मुद्दाम अलीकडे, माझ्या बाजूला ओढून ठेवली.

“उद्या येते,” मी मदतनीस मुलीला म्हणाले. “सगळी कामं उरकून, शेवटी.”