पोपटाच्या पोटावरचा ठिपका

"मॅडम, तुमच्या उपग्रहातला कॉम्प्युटर आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरपेक्षाही ढ आहे, हे खरं का?"

हे विचारायची पैज साक्षी आणि धनश्रीने माझ्याशी लावली होती, एक प्लेट लोचोवर, म्हणजे वाफवलेल्या गुजराती नाश्त्यावर. म्हणून भर दहावी ब मध्ये उठून मी विचारलं. आमच्या मराठी शाळेतला कॉम्प्युटर म्हणजे कव्हर घातलेला, चपला बाहेर काढून लांबूनच बघायचा. त्याच्याहून ढ म्हणजे कल्पनाच करा.

मालती मॅडम अहमदाबादहून आल्या होत्या. उपग्रहांचे कॉम्प्युटर बनवतात. त्या हसल्या. "खरं आहे. त्याला झिरोच्या बल्बाएवढीच वीज मिळते. शिवाय अवकाशातले सूक्ष्म कण येऊन आदळतात. कण लागला की आत शून्याचा एक होतो, नाहीतर एकाचा शून्य. नाजूक भाग लवकर बिघडतात, म्हणून आम्ही जाडजूड, जुन्या पद्धतीचे वापरतो. ते मंद असतात. तरी एखादा आकडा उलटतोच. मग चुकलेला कोणता, हे कसं ओळखायचं? तिथे दुरुस्तीला कोण जाणार?"

चुकलेला कसा ओळखायचा, हे मला घरून माहीत होतं.

डिंडोलीत आमच्या घरी आई जेकार्डचे पत्ते शिवते. साडीवर कुठली नक्षी विणायची ते मागाला सांगणारे पुठ्ठ्याचे पत्ते. भोक असेल तिथला धागा मागावर वर उचलला जातो, नसेल तिथला नाही. असे शेकडो पत्ते ओवून साखळी करायची, मग आबा, म्हणजे माझे वडील, कामाला जातात त्या कारखान्यात ती मागावर चढते. सातवीत असताना माझ्या हातून दाभण घसरला आणि एक भोक जास्त पडलं. मी घाबरून गप्प बसले. दोन दिवसांनी कळलं, साड्यांवरच्या एकूण एक पोपटाच्या पोटावर ठिपका. तेव्हापासून घरात ठरलं, वर्षाचा हात मशीनच्या कामाचा नाही. दहावीनंतर अमळनेरला मामांकडे, आर्ट्सला. मीपण हो म्हणून बसले होते.

मी पुन्हा उठले. साक्षीने मला खाली बसवायला ओढणी खेचली. "बेस ने. लोचो पक्का तुझा."

"मॅडम, एकाचे तीन ठेवायचे," मी म्हटलं. "माझी आई एकाच नंबरचे तीन पत्ते खिडकीत शेजारी-शेजारी धरते. दोनांत भोक नाही आणि एकात आहे, तर तो एक चुकला."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "आम्हीही हेच करतो. तीन कॉम्प्युटर तोच हिशेब करतात, दोघांचं जुळेल ते खरं. तुझ्या आईला कोणी शिकवलं?"

"मी एकदा माती खाल्ली होती मॅडम, तेव्हापासून आई करते."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, आईचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. पुष्पाबाई.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा जेवत होते आणि आई पत्ते शिवत होती. मी तिच्या शेजारी बसून दाभण उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"ठेव तो, वर्षे," आई म्हणाली. "पोपट याद शे ना?"

"याद शे. विसरले नाही." मी शिवत राहिले. वीस पत्ते झाले. आईने सगळे खिडकीत धरून तपासले, एकही चूक निघाली नाही, तशी पुढची थप्पी माझ्याकडे सरकवली.

मग मी म्हटलं, "आबा, मी अमळनेरला जाणार नाही. इथेच अकरावी सायन्स घेणार आहे, मराठीतनं नाही तर गुजराती माध्यमातनं. सुरुवातीला हळू चालेन. आणि काही चुकलं, तर त्याच दिवशी येऊन सांगेन."