हाडावरचा चरा

थोरल्याचं वागणं आताशा म्हातारीच्या डोक्यात जायचं. बायकोवर हात उगारताना हा इंग्रजी झाडायचा.

त्यांच्या मटणाच्या दुकानात मोठा सुरा एकच, आणि हाडावर चरा न पाडता मांस सोडवील त्यानेच तो धरायचा, ही घरची रीत. थोरला वीस वर्षं हाडं खरवडतच होता. त्या दुपारी सुनेने अख्खी मांडी लोण्यासारखी सोडवली. गिऱ्हाईक म्हणालं, "वा, हात आहे!" गिऱ्हाईक वळताच थोरल्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं.

"अनवर्दी!"

बकऱ्याच्या रक्तात तिचं रक्त मिसळलं.

"म्हणजे काय रे?" म्हातारीने विचारलं.

"लायकी नाही हिची. ना या घराची, ना या सुऱ्याची!" असं म्हणत त्याने ओंडक्यावरच्या सुऱ्याकडे हात टाकला. म्हातारीने तो आधीच उचलला होता. तिने असा घाव घातला की अंगठ्याचं टोक ओंडक्यावरच राहिलं. थोरला गुरासारखा ओरडत खाली बसला.

तिने सुरा पदराला पुसून सुनेच्या हातात दिला.

"शब्द झकास आहे, बाळा," ती थोरल्याला म्हणाली, "पण तो तुझा आहे. अनवर्दी तू. ऊठ, फरशी धू."