पुरणयंत्रातले बटाटे

मित्रांनो, मी एक पुरणयंत्र आहे, जुनं आणि स्टीलचं. स्वभावानं मी संशयी आहे, पण त्याला माझा इलाज नाही. माझ्या पोटात भोकांची एक चकती बसवली आहे. वरून शिजलेली डाळ घालतात आणि दांडा फिरवतात. जो दाणा खरोखर मऊ झाला असेल तो खाली जातो, कच्चा वर अडतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात. त्यामुळे मी दिसण्यावर विश्वास ठेवत नाही.

प्रमोदिनीबाईंच्या रुखवतात मी अकोल्याहून इंदूरला आलो. माझ्या कडेवर टिंबाटिंबांनी त्यांचं नाव कोरलेलं आहे. सुरुवातीची वर्षं मानाची होती. होळीला मी ओट्यावर मधोमध बसायचो. शेजारच्या बायका येऊन माझा दांडा फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "भाभीजी, एकदम मलाई जैसा निकलता है!" पुढे प्रमोदिनीबाईंना पलासियातल्या बँकेत नोकरी लागली. पुरणपोळ्या दुकानातून पाकिटात येऊ लागल्या. मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं गेलं.

माळ्यावर संशय फार वाढतो. खाली स्टूल सरकल्याचा आवाज आला की मला वाटे, आता मला भंगारात काढणार. या शहरात कचऱ्याची गाडी कधी चुकत नाही.

म्हणून एका रविवारी सकाळी शर्वरीनं मला खाली ओढलं, तेव्हा माझी खात्रीच पटली. शर्वरी ही प्रमोदिनीबाईंची मुलगी. ती अन्नशास्त्र शिकली आहे आणि एका बिस्किटांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिनं मला पुसलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "आई, मॅश्ड पोटॅटोला हेच बेस्ट आहे. मिक्सरमधे बटाट्याचा स्टार्च फुटतो, मग त्याची खळीसारखी चिकट लई होते."

बटाटे? माझ्यात?

हळूहळू बोलण्यातून मला सगळं कळलं. शर्वरीला निशांत मूंदड़ाशी लग्न करायचं होतं. दोन्हीकडचे आईवडील तयार होते. अडलं होतं ते निशांतच्या दादाजींपाशी, म्हणजे आजोबांपाशी. सराफ्यात त्यांचं दुकान. जन्मभर त्यांनी सोनं काळ्या दगडावर घासून पाहिलं, तशीच माणसंही. ते म्हणाले होते, लड़की के घर का खाना खाऊँगा, फिर हाँ-ना बोलूँगा. आणि निशांतनं शर्वरीला मेसेज पाठवला होता, 'दादाजी को सदर्न खाना चाहिए. घर का. घी-मक्खन जमके.'

"सदर्न मतलब इडली-सांबार," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"आई, थोडं लॉजिक लाव ना. इडली हवी असती तर साउथ इंडियन म्हटलं असतं. सगळं इंदूर तसंच म्हणतं. निशांतचा मोठा भाऊ अमेरिकेत जॉर्जियाला असतो. दादाजी आत्ताच तिथून आलेत. हे तिकडचं सदर्न आहे."

"तिकडे तर कोंबडी तळतात! त्या शाकाहारी माहेश्वरी माणसाला कोंबडी? मला तर यात काहीतरी डाव वाटतोय. परीक्षा घेतायत तुझी."

"म्हणून कोंबडीच्या जागी फूलगोभी. तू फालतूमधे शक करते."

शक मलाही होता, पण माझं कोण ऐकतं? बटाटे शिजले, शर्वरीनं दांडा फिरवला, आणि माझ्या भोकांमधून पांढऱ्या शेवया उतरल्या. त्यात तिनं लोणी आणि गरम दूध घातलं. मक्याच्या पिठाचा ताकातला ब्रेड ओव्हनमध्ये फुगला. जाड पिठात घोळलेली फूलगोभी कुरकुरीत तळली गेली. चीजमध्ये बुडालेली मॅकरोनी आणि मिरपुडीची पांढरी ग्रेव्हीही झाली. घरभर लोण्याचा वास सुटला. शर्वरी मला धुणार तेवढ्यात घंटी वाजली, निशांत दादाजींना घेऊन आला होता. तिनं मला तसंच कुकरच्या मागे ढकललं. बटाटा वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. मला फार राग आला.

बाहेरचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"ये मक्के की रोटी को सूजन आ गई है क्या?" दादाजींचा आवाज. सगळे हसले. मग त्यांनी बटाटे खाल्ले. पुन्हा मागितले. मग चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"ये पलासिया के किसी होटल से मँगाया है."

"दादाजी!" निशांत म्हणाला.

"तू चुप. एक गाँठ नहीं है इसमें. इतना चिकना घर में नहीं बनता. बेटा, घर का बोलके बाजार का परोसा?"

खुर्ची सरकली. "आप खुद चलके देख लीजिए," शर्वरी म्हणाली.

दादाजी स्वयंपाकघरात आले. त्यांनी ओटा पाहिला, डब्याचं झाकण उघडून पाहिलं, आणि कुकरच्या मागून मला बाहेर काढलं. खिडकीच्या उजेडात धरून ते माझ्या चकतीवर वाकले. भोकाभोकात बटाटा वाळून बसला होता. त्यांनी नखानं एक कण काढला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"घर का है," ते म्हणाले. मग त्यांनी मला उलटं-सुलटं केलं. "अरे, पर ये तो पूरन की मशीन है! तो पूरनपोली किधर है?"

"पूरनपोली?" सगळे एकदम म्हणाले.

"और क्या? मैंने इसको बोला था, दक्षिणी खाना खाना है."

"वही तो," निशांत म्हणाला. "दक्षिणी मतलब सदर्न..."

"अरे गधे, दक्षिणी मतलब ये लोग!" दादाजींनी माझ्या दांड्यानं सगळ्या घराकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "बचपन में हमारे बाजूवाले दक्षिणी थे. होली के दिन उनके घर से थाली आती थी."

शर्वरीचे वडील लक्ष्मीकांत यांनी कपाळावर हात मारला. "बरोबर! पूर्वी इकडे मराठी माणसांना दक्षिणीच म्हणायचे, आमच्या बाबांनाही."

"अगं बाई, म्हणजे आम्हीच सदर्न!" प्रमोदिनीबाई हसत खाली बसल्या.

दादाजी मात्र हसत नव्हते. ते शर्वरीकडे बघत होते. "आती है? पूरनपोली?"

प्रमोदिनीबाईंनी मागून जोरजोरात मान हलवली, हो म्हण, हो म्हण.

"नहीं आती, दादाजी," शर्वरी म्हणाली. "बरसों से हम लोग दुकान से लाते हैं. पैकेटवाली."

मला वाटलं, संपलं.

दादाजींनी मला तिच्या हातात दिलं. "तो सीख ले. मैं बैठा हूँ."

शर्वरीनं जुन्या टूथब्रशनं माझं एकेक भोक साफ केलं. हरभऱ्याची डाळ कुकरला लागली. घाईनं ती लवकर काढली गेली. दोघी मायलेकी दांड्यावर जोर करत होत्या, पण मी एक दाणा खाली सोडला नाही.

"कच्ची आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "परत लाव. याला फसवता येत नाही."

इतक्या वर्षांत माझ्याविषयी कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. दुसऱ्या खेपेला डाळ लोण्यासारखी उतरली. मग त्यात गूळ पडला, वेलची पडली. शर्वरीची पहिली पोळी तव्यावर फुटली आणि पुरण करपलं. तिनं ती बाजूला ठेवली. दादाजींनी हात लांब करून तीच उचलली, वर तूप ओतून घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्ली.

"निशांत," तोंडात घास असतानाच ते म्हणाले, "अपने बाप को फोन लगा. बोल, तारीख निकलवाए."

मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर कोणीतरी गुंडाळून ठेवलेलं असेल. त्याला खाली काढा, वापरा. काम झाल्यावर लगेच धुवा, भोकं ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा. त्या दिवशी मला धुतलं नव्हतं ते उपयोगी पडलं खरं, पण तशी वेळ रोज येत नाही.

हल्ली मी ओट्याखालच्या कपाटात असतो. शर्वरी म्हणते, मला सासरी नेणार. प्रमोदिनीबाई म्हणतात, त्यावर माझं नाव आहे, हात लावू नकोस. रोज दोघींची जुंपते. कपाटाच्या दाराआडून मी सगळं ऐकतो. इतकं प्रेम एकदम कुठून आलं, हे मात्र मला अजून तपासून बघायचं आहे.