सुपारीफुटली डॉट कॉम

पुण्याच्या कंपनीतली योगिनी मला पहिल्याच फोनवर ‘सर’ म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मला कुणी सर म्हणत नाही. कुकटपल्लीच्या ऑफिसात तेलुगू सहकाऱ्यांसाठी मी हेमंतगारू, आणि गौलीगुड्यात केशवकाकांसाठी ‘अरे हेमंत’.

‘सुपारीफुटली डॉट कॉम आपल्याच नावावर आहे ना, सर?’

होतं. अकरा वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत केशवकाकांनी वधूवरांच्या यादीसाठी वेबसाइट काढायची सूचना मांडली. नावही त्यांचंच, आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न पक्कं. सभासदांनी नावावर दीड तास चर्चा केली आणि आठशे रुपयांचा खर्च पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक अजून व्हायची आहे. मी वैतागून घरी आलो आणि माझ्याच कार्डावर, माझ्याच नावानं तो पत्ता घेऊन टाकला. तेव्हा ती समाजसेवा होती.

मग काका स्थळं वहीत लिहून आणायचे, मी टाइप करायचो. जमलेल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेवर, अगदी तळाशी, चिल्ल्यापिल्ल्यांच्या ‘लग्नाला यायचं हं’च्याही खाली, बारीक अक्षरांत तो पत्ता छापायची प्रथा त्यांनी पाडली. अशा त्र्याहत्तर पत्रिका त्यांनी फाइलला लावल्या आहेत.

कंपनीला लग्न जुळवायचं ॲप काढायचं होतं. योगिनीनं दोन लाख सांगितले. माझ्या मुलीचं, त्रिवेणीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं, तेही त्याच यादीतून जमलेलं, आणि हॉलवाल्यानं आगाऊ रक्कम अशी सांगितली होती की जणू हॉल विकतोय.

‘पैशाचा प्रश्न नाही हो,’ मी म्हणालो. ‘आमच्याकडे एक ज्येष्ठ आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या भावना गुंतल्यात या नावात.’

‘समजू शकते, सर. तीन.’

‘रोज सकाळी नातवाच्या फोनवर उघडून बघतात.’

‘साडेतीन.’

‘मोतीबिंदू झालाय. तरी बघतात.’

मोतीबिंदूचे पन्नास हजार मिळाले. मोतीबिंदू खरा होता, एवढं माझ्या बाजूनं सांगतो.

अट एकच होती: यादी दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावर चालवायची नाही. मी एक दिवस विचार केला. म्हणजे, एक दिवस थांबलो. मग होकार कळवला.

काकांना फोनवर सांगितलं, ‘सर्व्हर बिघडलाय, काका. नीट होईपर्यंत उघडू नका.’

‘हौ, यंत्र म्हटल्यावर बिघडणारच. तू नको परेशान होऊ. आधी पोरीच्या लग्नाचं बघ.’

तीन आठवड्यांनी ते घरी आले. बरोबर रिक्षावाला, त्याच्या हातात पत्रिकांचे गठ्ठे. त्रिवेणीच्या चारशे पत्रिका ते स्वतः छापखान्यातून घेऊन आले होते.

‘तळाची ओळ विसरला होतास रे. मी टाकून घेतली.’

मी विसरलो नव्हतो. वगळली होती.

‘सर्व्हर झाला का नीट?’

मी तोंड उघडायच्या आत त्रिवेणी म्हणाली, ‘बघते ना, आजोबा,’ आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. तिला व्यवहाराचा पत्ताच नव्हता. काकांनी स्क्रीन नाकापाशी धरली. गुलाबी रंग, हसणारी नवरी.

‘बरंच सुधरवलंस की. आपली स्थळं कुठं आहेत?’

‘आधी नोंदणी करायची, आजोबा. चार हजार नऊशे नव्व्याण्णव.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मंडळानं फी लावली? बैठक झाली?’

खरं सांगायला एवढी सोयीची जागा पुन्हा मिळणार नव्हती.

‘झाली,’ मी म्हणालो. ‘तुमच्या डोळ्यांमुळे तुम्हाला त्रास दिला नाही.’

‘बरं केलंस,’ ते म्हणाले, आणि पिशवीतून वही काढली. ‘आपल्या सूर्यभानच्या पोरीचं, रेणुकाचं नाव टाकायचंय. त्याला नाही झेपणार एवढी फी. माझ्या पेन्शनीतून घे.’

ते पाकीट चाचपू लागले. मी घाईघाईनं माझं कार्ड काढलं आणि नोंदणी केली. कंपनीनं लगेच आभार मानले.

‘बघ गं,’ काका त्रिवेणीला म्हणाले, ‘तुझा बाप पहिल्यापासून असाच. मंडळासाठी खिशातून भरतो आणि कुणाला बोलत नाही.’

त्रिवेणीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी पत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि पाकिटांवर नावं घालायला बसलो. पहिलं काकांचं घातलं.