तेच लिहा

विद्यापीठ इतकं अवाढव्य होतं की तिथल्या दोघांचं पुढे एकमेकांशी लग्न झालं, तरी आपण एकाच वर्गात होतो हे त्यांना पहिलं मूल शाळेत जायला लागल्यावर कळायचं. अशा विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षात धाकटा नोकरीला होता. वय पन्नाशीला टेकलं होतं, पण घरीदारी सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला गेला म्हणून धाकटेपण थोडंच सुटतं?

थोरला, म्हणजे दादा, याच विद्यापीठात शिकायला गेला आणि दुसऱ्या वर्षी वसतिगृहातच न्यूमोनियाने गेला. वर्गात कुणाला पत्ता लागला नाही. त्या वर्गाचा रिवाज असा की कुठलंही नाव पुकारलं तरी मागच्या बाकांवरून कुणीतरी 'हजर' म्हणायचंच. त्यामुळे मेल्यावरही दादा सत्र संपेपर्यंत हजर होता.

आईचं तेव्हापासून एकच मागणं होतं. "एवढी हजारो पोरं. त्यातल्या एकाला तरी माझा मुलगा आठवत असेल ना रे?"

धाकट्याचं काम होतं फोन करून मतं गोळा करायचं. 'विद्यापीठातले दिवस कसे होते?' असं विचारलं की माणसं थेट पंख्याबद्दल तक्रार करायची. संचालकांना तक्रार चालत नसे. म्हणून कक्षाने एक नमुना मत तयार केलं होतं: ग्रंथालय समृद्ध, प्राध्यापक प्रेमळ, मैत्री आयुष्यभराची. ते वाचून दाखवलं की पलीकडून सुटकेचा निःश्वास यायचा. "वा, अगदी माझ्या मनातलं. तेच लिहा."

एका रविवारी घरूनच फोन करताना, आई शेजारी बसलेली पाहून, धाकट्याने नमुन्याच्या शेपटीला एक वाक्य जोडलं. "आणि वसतिगृहात पलीकडच्या खोलीत एक उंच, डावखुरा मुलगा होता, तो आठवतो का?"

"आठवतो की," पलीकडचे निवृत्त अभियंते म्हणाले. "न आठवायला काय झालं? तेच लिहा."

आईने पदर डोळ्यांना लावला. धाकट्याला ठाऊक होतं की या गृहस्थांना स्वतःचा जोडविषयही आठवला नव्हता. पण आई त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मग दर रविवारी फोन स्पीकरवर लागू लागला. दादा सगळ्यांनाच आठवे. कुणी म्हणे, फार हुशार. कुणी म्हणे, गळा गोड.

"गळा कुठला," आई खुशीत म्हणायची. "गायला लागला की शेजारी खिडक्या लावायचे. पण म्हणू देत बापडे."

एकदा फोनवर एक दंतवैद्यबाई होत्या. दादा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी तिथे शिकलेल्या. धाकट्याने सवयीने शेपटी वाचली. बाई म्हणाल्या, "हो, वाचनालयात माझ्या समोर बसायचे ना. चष्म्याची काडी लाल दोऱ्याने बांधलेली."

धाकट्याने लाल दोऱ्याचं कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. आईकडे बघितलं तर ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"तो दोरा मी बांधला होता," ती म्हणाली. "निघायच्या दिवशी. घाईत निळा सापडेना."

सोमवारी धाकटा कक्षात गेला तो शेपटी कापायचा निश्चय करून. तर संचालक खूश. "ते शेजारच्या मुलाचं काय सुंदर घातलंत हो. मतांत माणूस आला. मी सगळ्यांच्या नमुन्यात टाकलंय. आत्ताच्या विद्यार्थ्यांनाही आपली माणसं तेच विचारतायत."

"साहेब, ते खरं नाहीये."

"प्रेमळ प्राध्यापक तरी कुठे खरे होते?"

पुढच्या रविवारी धाकट्याने शेपटी गाळून फोन केला. वसतिगृहात राहणारा एक संशोधक होता. प्रबंध कधी संपणार हे विचारायचं नाही, या अटीवर बोलायला तयार झालेला.

"पाणी येतं-जातं," तो म्हणाला. "भिंतींना ओल आहे. पण शेजार चांगला. पलीकडे ते उंच, डावखुरे राहतात."

"मी त्यांच्याबद्दल विचारलेलंच नाही," धाकटा म्हणाला.

"ते स्वतःच विचारतात ना पण. जिन्यात भेटले की म्हणतात, मला ओळखता ना? पूर्वी म्हणे कुणीच ओळखत नव्हतं, म्हणून निघाले होते. आता सगळेच हो म्हणतात, तेव्हा थांबलेत. थंडीने काकडत असतात बिचारे, पण जात नाहीत."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"हो म्हणतो. मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

इतकी वर्षं आईने एका होकारासाठी जीव टाकला होता. आता होकार इतके झाले होते की दादाला तिथून हलायची सोय उरली नव्हती. तो फोन बंद करणार, तेवढ्यात आईने तो हातातून घेतला.

"बाळ, मी त्याची आई बोलतेय."

"नमस्कार आजी."

"माझं एक काम करशील? आता भेटला की सांग, इथे तुला कुणी ओळखत नाही. एकजात खोटं बोलतायत मेले. ओळखणारे घरी आहेत. उगाच थंडीत उभा राहू नकोस, घरी ये म्हणावं."

"आई," धाकटा म्हणाला, "काय बोलतेस तू?"

"तू गप रे."

पलीकडे दार करकरलं. मग संशोधक हलक्या आवाजात म्हणाला, "सांगायची गरज नाही आजी. ते इथे दारातच आहेत. ऐकलं त्यांनी."

"काय म्हणाला?"

"काही नाही. चपला घालतायत."

आईने फोन धाकट्याच्या मांडीवर ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. भरदुपार होती. धाकटा काही बोलायच्या आत तिने दाराची कडी काढली आणि जिन्याकडे कान लावून उंबऱ्यात उभी राहिली.